गीता २.५८ : कासव पाय बाहेरही काढतं



आजचा श्लोक – भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५८. नेहमीप्रमाणे आधी पोथी उघडा, नाहीतर फोनवर काढा, आणि श्लोक एकदा मोठ्याने म्हणा. लोकलमध्ये असाल तर मनातल्या मनात म्हणा. मग खाली या.

गेले काही दिवस आपण स्थितप्रज्ञाची लक्षणं वाचतोय. चोपन्नाव्या श्लोकात अर्जुनाने विचारलं होतं, की असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, वावरतो कसा. त्याचं उत्तर भगवंत अध्याय संपेपर्यंत देत राहतात. आज त्या उत्तरात कासव आलंय. कासव जसं आपले अवयव सगळीकडून आत घेतं, तशी जो आपली इंद्रियं विषयांपासून आवरून घेतो, त्याची बुद्धी स्थिर झाली, एवढा सरळ अर्थ.

सरळ वाटतो खरा. पण हाच श्लोक मी जवळजवळ सहा महिने उलटा जगत होतो, आणि ते मला कळलं गाडीच्या बॉनेटखाली वाकलेलो असताना. हसू नका. आज गाडीचीच गोष्ट सांगणार आहे.

फुल हार्ड

मी मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटच्या जवळ. माझ्याकडे एक जुनी माझदा मियाटा आहे, दोन सीटची, छत उघडणारी. हे मॉडेल १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांनी पाहिलं. माझी गाडी त्याच्या दुसऱ्या पिढीतली. स्पोर्ट्स कार म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते तशी राक्षसी ताकदीची वगैरे नाही. वजन जेमतेम टनभर, इंजिन १.८ लिटरचं. पण वळणावर अशी काही वळते की विचारू नका.

गेल्या उन्हाळ्यात तिचे मूळचे शॉकअप पार गेले होते, म्हणून कोनी या डच कंपनीचे पिवळे शॉकअप घेतले. (शॉक ॲब्सॉर्बर हो. आपल्याकडे गॅरेजमध्ये शॉकअपच म्हणतात, मीही तेच म्हणणार.) या शॉकअपची गंमत अशी, की ते ॲडजस्ट करता येतात. दांड्याच्या वरच्या टोकावर एक छोटा नॉब बसवायचा आणि फिरवायचा. एका बाजूला सॉफ्ट, दुसऱ्या बाजूला हार्ड.

मग नोव्हेंबरात माझे बाबा गेले.

साताऱ्याला गेलो. तेरा दिवस केले. आईला मावशीच्या भरवशावर ठेवून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो. मी रडलो नाही. स्मशानातही नाही आणि नंतरही नाही. इतकी वर्षं गीता वाचतोय, ती आता नाही तर कधी उपयोगी पडणार, असं मनाशी धरलं. पहाटे चारला उठायला लागलो. हरिपाठ, जप, रोज दोन अध्याय. बाबांचे फोटो असलेलं फोल्डर उघडायचं नाही. त्यांचा विषय निघाला की उठून जायचं. आवरून घ्यायचं. कासव.

आईचा फोन रोज यायचा. ती म्हणायची, “अरे, आज तुझ्या बाबांची पेन्शनची फाईल काढली, त्यात बघ काय सापडलं...” आणि मी मध्येच तोडायचो. “आई, आत्मा मरत नाही. शोक करू नये. तू गीता वाच.” ती गप्प व्हायची. मग म्हणायची, “बरं बाळा. जेवलास का?” जानेवारीपर्यंत आमचं बोलणं तेवढंच उरलं. जेवलास का, थंडी आहे का, ठेवते.

आणि मला वाटायचं, आपण जिंकतोय.

आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने जुन्या गाड्या गंजतात, म्हणून मियाटा चार-पाच महिने गॅरेजमध्ये झाकून असते. एप्रिलमध्ये तिला बाहेर काढलं आणि पहिलं काम केलं ते म्हणजे चारही शॉकअप फुल हार्ड. स्पोर्ट्स कार आहे, मऊ कशाला ठेवायची?

इथला एप्रिल म्हणजे खड्ड्यांचा महिना. हिवाळाभर डांबराच्या भेगांत पाणी शिरतं, गोठून फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि शेवटी रस्त्याचे तुकडे उडतात. अशा रस्त्यावर माझी गाडी दाणदाण आपटत होती. बायको एकदा बसली, घरी आल्यावर किल्ली टेबलावर ठेवत म्हणाली, “मला या गाडीत बसवत नाही.” थोडं थांबून म्हणाली, “तुझ्याशी बोलवतही नाही हल्ली.”

मी म्हटलं, रस्ताच खराब आहे.

चाकाला खाली यायला वेळ कुठंय?

आपल्या रविवारच्या ऑनलाइन वाचनात एक धाकटा मित्र असतो, तुमच्यापैकी काही जण त्याला ओळखता. त्याचं रोजचं कामच गाड्यांचं सस्पेन्शन ट्यून करण्याचं आहे. त्याला म्हटलं, एकदा बघून जा. शनिवारी सकाळी आला. गाडीत बसला नाही, बॉनेटसुद्धा उघडलं नाही. पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर दोन्ही हात ठेवून त्याने गाडी जोरात खाली दाबली आणि सोडली. गाडी हळूहळू, कण्हत वर आली.

“दादा, फुल हार्ड ठेवलेत का?”

“हो. स्पोर्ट्स कार आहे ना.”

“म्हणूनच ती रस्ता सोडतेय.”

मला कळेना. हार्ड म्हणजे पकड चांगली, असंच मी धरून चाललो होतो. मग त्याने तिथेच गॅरेजच्या उंबऱ्यावर बसून जे सांगितलं, ते आज तुम्हाला सांगतो, कारण माझ्यासाठी तो प्रवचनाचाच तास झाला.

तो म्हणाला, शॉक ॲब्सॉर्बर हे नावच फसवं आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग, आणि थोडाफार टायर. उंचवट्यावर चाक वर उचललं जातं, स्प्रिंग दबते, धक्का तिच्यात साठतो. पण स्प्रिंगला एकटीला सोडलं तर ती तो धक्का परत फेकते. मग गाडी वर, खाली, वर, खाली, बराच वेळ झुलत राहते. शॉकअपचं काम तिथून सुरू होतं. त्याच्या नळीत तेल असतं आणि त्या तेलाला बारीक छिद्रांतून, झडपांतून जावं लागतं. जाताना हालचालीतली ताकद उष्णतेत बदलते. लांब फिरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो तो यामुळे. धक्का नाहीसा होत नाही, थोडा थोडा करून बाहेर जातो.

“आणि तुझा नॉब,” तो म्हणाला, “चाक वर जाताना काहीच करत नाही. तो फक्त रिबाउंड बदलतो. म्हणजे दबलेली स्प्रिंग पुन्हा उघडताना तिला किती अडवायचं, एवढंच. तू तिला पूर्ण अडवून ठेवलंयस. पहिल्या उंचवट्याला चाक वर गेलं, ते खाली यायच्या आत दुसरा उंचवटा. पुन्हा वर. तिसरा. चाकाला खाली यायला वेळ कुठंय? गाडी प्रत्येक धक्क्याला आणखी खाली बसत जाते, आणि शेवटी स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही. वर खड्डा आला की चाक लटकतं. टायर त्या क्षणाला रस्त्यावर नसतोच. तुला ते कडक वाटतं. खरं तर रस्त्याशी संबंध तुटलेला असतो.”

मंडळी, मी उत्तर दिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर गाडी नव्हती. “बरं बाळा. जेवलास का?” हे ऐकू येत होतं.

पाव-पाव फेरा

मग आम्ही ॲडजस्ट करायला बसलो. ज्यांना गाड्यांची आवड नाही त्यांनीही हा भाग वाचा, यात साधनेची शिस्त आहे.

आधी चारही टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासली. या गाडीला कंपनीने २६ पीएसआय सांगितलंय. हवा कमी-जास्त असेल तर पुढचं सगळं मोजमाप खोटं. मग चारही शॉकअप फुल सॉफ्टला आणले. नॉब अडला की थांबायचं, त्यापुढे जोर लावायचा नाही, आतली झडप बिघडते. पुढचे दोन बॉनेट उघडून करता येतात. मागच्या दोघांसाठी डिकीतलं कार्पेट बाजूला करावं लागतं. एका जोडीतल्या डाव्या-उजव्याचं सेटिंग नेहमी सारखं.

मग घराजवळचा ठरावीक रस्ता, ठरावीक वेग. फुल सॉफ्टवर गाडी होडीसारखी झुलली. एका उंचवट्यानंतर तीन-तीनदा मान डोलायची. परत आलो, पाव फेरा वाढवला, पुन्हा तोच रस्ता. पुन्हा पाव फेरा. एका वेळी एकच बदल, आधी पुढे, मग मागे, आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

पुढे पाऊण फेरा आणि मागे अर्धा फेरा यावर आम्ही थांबलो. उंचवटा आला की गाडी एकदा उठायची, बसायची आणि शांत. खड्डे जाणवत होतेच. पण प्रत्येक खड्ड्यानंतर चाक पुन्हा जमिनीवर येत होतं.

मी विचारलं, “मग हेच बरोबर सेटिंग का?”

“या गाडीला, या स्प्रिंगला, या रस्त्याला. गुळगुळीत ट्रॅकवर गेलास तर थोडं वाढव. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावायचा नाही.” आणि जाता जाता एक सांगून गेला. वळणावर गाडी शेवटी किती कलणार हे शॉकअप ठरवत नाही, ते स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात. शॉकअपच्या हातात एवढंच, की ती किती झटकन कलेल आणि किती लवकर स्थिर होईल.

दुःख केवढं असावं हे आपल्या हातात नाही. ते किती वेळ झुलवत राहील, यात थोडंफार आपलं काही चालतं.

माउलींचं कासव

आता श्लोकाकडे परत येऊ. हा श्लोक विषयांपासून इंद्रियं आवरण्याबद्दल आहे, शोकाबद्दल थेट नाही, हे मान्य. पण आवरणं म्हणजे काय, हे मी चुकीचं धरलं होतं, म्हणून शोकातही चुकलो.

त्या शनिवारी रात्री ज्ञानेश्वरी काढली. १२९० साली नेवाशात पूर्ण झालेला ग्रंथ, आणि दुसऱ्या अध्यायातली ही ओवी मी कितीदा वाचली असेन. गीतेच्या श्लोकात कासव अवयव आत घेतं, एवढंच आहे. माउलींनी त्यात एक गोष्ट आपली घातली आहे. त्यांचं कासव खुशीत असलं की अवयव पसरतं, आणि मनात आलं की आपलं आपण आवरून घेतं. आधी पसरणं सांगितलं, मग आवरणं. दोन्ही त्याच्या इच्छेने.

म्हणजे ज्याचे पाय आतच अडकलेत, त्या कासवाचं हे वर्णन नाही. जे कासव पाय बाहेर काढू शकत नाही, ते संयमी नसतं. ते घाबरलेलं असतं किंवा आजारी असतं. मी फोटोंचं फोल्डर उघडत नव्हतो, तो माझा संयम नव्हता. मला ते उघडताच येत नव्हतं.

आणि कालचा सत्तावन्नावा श्लोक आठवा. तिथे माउलींनी पूर्णचंद्राचा दृष्टांत दिलाय, उत्तम-अधम न बघता सगळ्यांवर सारखा उजेड पाडणारा. त्या अखंड समतेला लागूनच त्यांनी सगळ्या प्राण्यांविषयीची दया ठेवली आहे. काल मी त्यावर चार ओळी लिहून मोकळा झालो होतो. खरी परीक्षा तिथेच आहे. आपली समता वाढतेय की नुसता कडकपणा, हे ओळखायचं असेल तर एवढंच बघायचं, की माझ्याजवळ बसणाऱ्याला काय वाटतंय. अर्जुनाचा पहिलाच प्रश्न होता, तो बोलतो कसा. मी आईशी कसा बोलत होतो?

आत्मा अमर आहे हे मी तिला सांगितलं ते खरंच आहे. पण भगवंतांनी ते रणांगणावर, समोर कोसळून बसलेल्या अर्जुनाचं सगळं म्हणणं ऐकून घेतल्यावर सांगितलं. पहिल्या अध्यायाचा शेवटचा मोठा भाग तोच बोलतो आहे. मी आईचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

वहीचं शेवटचं पान

एक गोष्ट मगाशी सांगायची राहिली. सेटिंगच्या नोंदी मी ज्या वहीत केल्या, ती बाबांची खिशातली डायरी होती. साताऱ्याहून येताना सोबत आणली होती आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिली होती. शनिवारी वही हवी होती, हाताला तीच लागली. ते स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं की तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहायचे. मी मागची कोरी पानं वापरली, पुढची बघितलीच नाहीत. रात्री ज्ञानेश्वरी मिटल्यावर बघितली. शेवटची नोंद ऑक्टोबरमधली. पेट्रोल दोन लिटर. शेजारी बारीक अक्षरात एक शब्द, “सज्जनगड”.

तिकडे सकाळ झाली होती. फोन केला.

“आई, ऑक्टोबरमध्ये तुम्ही सज्जनगडावर गेला होता?”

पलीकडे क्षणभर काही नाही. मग म्हणाली, “तुला कोणी सांगितलं?”

“बाबांनी लिहून ठेवलंय.”

आणि मग ती बोलायला लागली. पायथ्यापर्यंत स्कूटरवर कसे गेले, पायऱ्यांवर कितीदा बसले, प्रसादाची खीर कशी होती, उतरताना बाबा काय म्हणाले. चाळीस मिनिटं. मी एकदाही तोडलं नाही. मधे कधीतरी मला रडू फुटलं, सहा महिन्यांत पहिल्यांदा. तिला कळलं. तिने गीता वाच असं सांगितलं नाही. म्हणाली, “रड बाळा,” आणि पुढे बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठलो, हरिपाठ केला. नेम तोच आहे, मोडलेला नाही. फक्त त्या दिवशी पहिल्यांदा म्हणताना ऐकू आला.

आपल्यासाठी

तुमच्यापैकी बरेच जण पंचविशी-तिशीत आहात. अप्रेझल, ब्रेकअप, घरचे लग्नावरून मागे लागलेत, एखाद्याने मेसेज वाचून उत्तर दिलं नाही. धक्के रोजचेच. काही जण फुल सॉफ्ट असतात. मंगळवारी कोणी काही बोललं, ते शुक्रवारपर्यंत झुलतंय. त्यांना आवरण्याचा अभ्यास हवा. ठरलेल्या वेळी जप, फोन बाजूला, पाव-पाव फेरा वाढवायचा. आणि काही जण माझ्यासारखे, ज्यांनी अध्यात्माच्या नावाखाली नॉब टोकापर्यंत पिळलाय. त्यांनी थोडा मागे फिरवावा. आपल्या शेजारचा जास्त रडतो म्हणून त्याची भक्ती कमी नाही. त्याची स्प्रिंग वेगळी, त्याचा रस्ता वेगळा.

आणखी एक. शॉकअपमधलं तेलच गळून गेलं असेल तर नॉब कितीही फिरवा, फरक पडत नाही. तिथे मेकॅनिक लागतो. महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण नाही, मन जागेवर येतच नाही, असं असेल तर जप वाढवत बसू नका. डॉक्टरांकडे, समुपदेशकाकडे जा. त्यात श्रद्धेला काही कमीपणा नाही.

आजचा अभ्यास : ज्या माणसाचं बोलणं आपण हल्ली मध्येच तोडतो, असा एक माणूस आठवा. आज त्याला फोन करा आणि त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या. उपदेश करायचा नाही. नंतर श्लोक ५८ पुन्हा एकदा म्हणा.

मियाटा आता बरी चालते. बायको परवा बसली, काही बोलली नाही. उतरताना फक्त म्हणाली, “आईंना उन्हाळ्यात इकडे बोलावूया का?”

उद्या श्लोक ५९. विषय सुटले तरी त्यांची गोडी कशी मागे उरते, त्याबद्दल.

राम कृष्ण हरी.